सादो बेटावरचे ढोल आणि आमचं चुकलेलं बंदर

अराकावा_काठी

मंडळी, मागच्या ऑगस्टपासून लिहीन लिहीन म्हणतेय, शेवटी आज बसलेच. मोठं होणार आहे, चहा घेऊन या.

मी टोकियोत नीशी-कासाईला राहते, सहा वर्षं झाली. त्याआधी पुण्यात सात वर्षं पथकात ढोल वाजवला. नदीपात्रात संध्याकाळचा सराव, पावसात भिजलेली दोरी ओढून ओढून ढोल ताणायचा, तळहाताला फोड, सगळं केलंय. इकडे आल्यापासून ऑगस्ट उजाडला की हात शिवशिवायला लागतात आणि इथल्या फ्लॅटमध्ये तर टेबलावर बोटांनी ठेका धरायचीही चोरी. मग ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीने, ती मूळची निगाताची, मला सांगितलं की तुला ढोलाची एवढी ओढ आहे तर सादोला जा, कोदोच्या उत्सवाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सादो हे जपानच्या पश्चिमेला, निगाता प्रांतासमोरचं बेट. ८५५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठं, आणि माणसं साधारण ५० हजार. दोन डोंगररांगा समांतर आणि मधे भातशेतीचं सपाट मैदान. कोदो हा तिथला तायको म्हणजे जपानी ढोल वाजवणारा गट, १९८१ मध्ये बर्लिनला त्यांनी पहिला कार्यक्रम केला आणि १९८८ पासून ते बेटाच्या दक्षिण टोकाला ओगी नावाच्या गावात ऑगस्टमध्ये 'अर्थ सेलिब्रेशन' भरवतात. तीन दिवस गाणं, नाच, ढोल, बंदरावर बाजार, आणि जगभरातून आलेले पाहुणे कलाकार.

आम्ही निघालो पाच जण. अण्णा (कोल्हापूरचा, गाडी त्याच्या हाती), वहिनी, नागपूरचा डॉक्टर (पीएचडी वाला), बारक्या जो नाशिकहून येऊन जेमतेम चार महिने झाले होते, आणि मी. मैत्रीण तिच्या आईकडे निगातालाच होती, ती आम्हाला बंदरावर भेटणार होती. भाड्याची आठ सीटची व्हॅन. पहाटेच्या बोटीत गाडीसकट बुकिंग डॉक्टरने दोन महिने आधी करून ठेवलेलं.

रात्री नऊला निघायचं होतं ते साडेदहा झाले. नेरिमाला कान-एत्सु एक्सप्रेसवेला लागलो तेव्हा कळलं की टोलचं ईटीसी कार्ड अण्णाच्या दुसऱ्या पाकिटात घरी राहिलंय. ते असतं तर रात्री बारा ते चार टोल ३० टक्के कमी लागतो, आमचा तो गेला. ठीक आहे, पैसेच गेले.

आकागी कोगेनच्या सर्व्हिस एरियाला थांबलो, एक वाजला असेल. सगळे उतरलो, सगळे परत चढलो, मागे अंधार, पांघरुणं, उशा, आणि निघालो. पंधरा मिनिटांनी अण्णाचा फोन वाजला, नंबर भारतातला. बारक्याची आई. "अहो, माझा मुलगा तिथे हायवेवर एकटा उभा आहे म्हणतो, तुम्ही कुठे आहात?" मी मागे हात घातला तर पांघरुणाखाली फक्त उशी. बारक्या मशीनमधून गरम कॉफीचा कॅन आणायला परत आत गेला होता आणि त्याचा फोन गाडीत चार्जिंगला. एका ट्रकवाल्याने त्याला स्वतःचा फोन दिला, आणि बारक्याला पाठ असलेला जगातला एकच नंबर होता तो आईचा. नाशिकला तेव्हा रात्रीचे पावणेदहा, त्या माऊलीने कार्ट्याला आधी पाच मिनिटं धीर दिला आणि मग आम्हाला फोन केला. अण्णाचा नंबर तिच्याकडे होता कारण बारक्याला विमानतळावर आणायला अण्णाच गेला होता.

आता एक्सप्रेसवेवर मागे वळता येत नाही. पुढच्या एक्झिटला बाहेर पडायचं, उलट्या दिशेने आकागीच्या एक्झिटपर्यंत यायचं, तिथे बाहेर पडून पुन्हा चढायचं, तेव्हा कुठे तो सर्व्हिस एरिया परत येतो. आम्ही पोचलो तर बारक्या दिव्याखाली उभा, हातात तो कॅन, गार झालेला, आणि शेजारी तो ट्रकवाला. पन्नाशीचा माणूस. त्याला पुढे माल पोचवायचा असणार, पण तो पोरगा आमच्या ताब्यात देईपर्यंत हलला नव्हता. नाव विचारलं तर हात हलवला आणि गेला.

या सगळ्यात पाऊण तास गेला. मग घाई. कान-एत्सुचा अकरा किलोमीटरचा बोगदा, पलीकडे निगाता प्रांत, हवा एकदम थंड. अण्णाला झोप यायला लागली म्हणून डॉक्टर चाकावर बसला आणि नेव्हिगेशनमध्ये बंदर मी टाकलं. इथे माझी चूक झाली आणि ती मी सगळ्यांसमोर कबूल करते. नकाशात ओगीला सगळ्यात जवळचं बंदर दिसतं ते नाओएत्सु, तिथून ओगीला थेट बोट जाते, मी तेच टाकलं. पण ती जेटफॉइल आहे, तिच्यात गाडी जात नाही. गाडीची बोट निगाताहून सादोच्या र्योत्सु बंदराला. नागाओकाच्या जंक्शनला रस्ता फुटतो, निगाता एकीकडे आणि नाओएत्सु बरोब्बर उलट दिशेला, आणि आम्ही गाणी लावून उलट दिशेला.

योनेयामाच्या सर्व्हिस एरियाला पुन्हा थांबलो तेव्हा आकाश नुकतं फटफटत होतं. तो एरिया समुद्राच्या वरच्या अंगाला आहे. खाली लाटांचा आवाज, वारा खारा, आणि क्षितिजावर करड्या रंगाची एक लांब रेघ, मधे दोन ठिकाणी वर आलेली. वहिनी म्हणाली ते ढग आहेत. डॉक्टर म्हणाला नाही, ते सादो आहे. आम्ही पाचही जण कठड्याला टेकून गप्प बघत राहिलो, खूप वेळ. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, मी बंदरावर पोचले, तुम्ही कुठे? मी आनंदाने सांगितलं योनेयामाला, आणि तिकडे एकदम शांतता.

सव्वाशेच्या आसपास किलोमीटर उलट. निगाताच्या बंदरात शिरलो तेव्हा आमची बोट धक्क्यापासून सुटून वळत होती, तिचं नाव वाचता येईल इतकी जवळ. मैत्रीण वेटिंग रूमच्या बाहेर उभी. हातात कापडात बांधलेला डबा, तिच्या आईने पहाटे तीनला उठून केलेल्या ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके, प्रत्येकी दोन, आणि माझ्यासाठी उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाच्या, वेगळ्या, कारण मी मासे खात नाही हे तिने आईला सांगून ठेवलं होतं. भात अजून कोमट होता. ती एका शब्दाने रागावली नाही. मी तिथे रडले, उगाच लपवत नाही.

पुढची बोट फुल्ल (ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुट्टीची गर्दी ओसरली नव्हती), गाडी रद्द झालेल्या जागांच्या रांगेत लावली आणि दुपारच्या बोटीत नंबर लागला. अडीच तासांचा प्रवास. गाडी फक्त ड्रायव्हर आत नेतो, बाकीच्यांनी जिन्याने चढायचं. आत गालिचा घातलेले मोठे हॉल, लोक चपला काढून आडवे होतात, आम्ही सगळे तिथे मेल्यासारखे झोपलो. फक्त बारक्या वर डेकवर समुद्रपक्ष्यांना कुरकुरे खाऊ घालत होता.

र्योत्सुहून ओगी, बेटाच्या एका टोकाहून दुसरं टोक, सव्वा तास. दोन्ही बाजूंना भात, कणसं धरलेलं, वाऱ्यावर एकदम वळणारं. कोकणात गेल्यासारखं वाटलं, फक्त लाल माती नाही. कॅम्पिंगच्या जागी तंबू उघडला तर काठ्यांची पिशवी नीशी-कासाईच्या जिन्यात. ते सोडून देऊ, व्हॅनमध्ये झोपलो.

आणि मग संध्याकाळ.

ओगीच्या बंदरावर एक टेकडी आहे, शिरोयामा, म्हणजे किल्ल्याचा डोंगर. वर झाडांच्या मधे गवताचं मैदान, तिथे स्टेज. लोक चटया टाकून बसलेले, लहान पोरं, काठी टेकत आलेल्या आजीबाई, परदेशी माणसं. सिकाडा किडे कान फाटेस्तोवर ओरडत होते. मग अंधार पडला आणि मोठा ढोल आला, ओदाइको. एका अखंड खोडातून कोरलेला, त्याचं पान भलंमोठं, गाईचं कातडं लोखंडी खिळ्यांनी ठोकलेलं, म्हणजे आपल्यासारखा दोरीने ताणायचा प्रश्नच नाही. वाजवणारा आमच्याकडे पाठ करून उभा, अंगावर लंगोट आणि डोक्याला पट्टी. दोन्ही हातात लाटण्यापेक्षा जाड काठ्या, त्यांना बाची म्हणतात.

मी त्याच्या टाचा बघत होते. सात वर्षं कमरेला ढोल बांधून उभी राहिलेय म्हणून असेल, माझं लक्ष पहिलं पायांकडे जातं. पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, टाच जमिनीत रोवलेली. हात वर जायचा, क्षणभर थांबायचा, आणि आवाज हातातून नाही तर त्या टाचेतून निघून वर यायचा. पहिल्या ठोक्याला सिकाडा गप्प झाले. खरंच गप्प झाले, विचारा अण्णाला. तो ठोका कानाला नाही लागला, बेंबीच्या खाली लागला, जिथे मिरवणुकीत आपला ढोल लागतो तिथेच. माझी बोटं मांडीवर चालायला लागली होती, मला कळलंच नाही, वहिनीने माझा हात हातात घेतला तेव्हा कळलं.

किती वेळ वाजवलं माहीत नाही. पाठीवरून घामाचे ओघळ दिव्यात चमकत होते. शेवटचा ठोका मारून त्याने हात तसेच वर ठेवले, आणि कातडं अजून घुमत होतं, घुमत घुमत बारीक होत गेलं, आणि ते पूर्ण संपेपर्यंत त्या मैदानावर एकाही माणसाने टाळी वाजवली नाही. मग वाजवल्या, उठून उभे राहून.

दुसऱ्या दिवशी तायकोच्या केंद्रात गेलो, ओगीजवळच आहे, तिथे कुणालाही वाजवायला शिकवतात. केयाकीच्या झाडाच्या भल्या मोठ्या खोडाचे ढोल आहेत. मी बाची हातात घेतली आणि सवयीने खांद्यातून मारलं. शिकवणाऱ्याने माझ्या कमरेकडे बोट दाखवलं, कोशी, कोशी, कंबर खाली. आमच्या पथकातला दादा अगदी हेच ओरडायचा, "कमरेत बस, हातानं मारू नको!" जसंच्या तसं. मी कमरेत बसले आणि मारलं, तेव्हा तो माणूस हसला आणि विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हटलं, पुणे.

बाकी ताराई-बुने म्हणजे टोपलीसारख्या गोल लाकडी होड्या, गोल्ड माईन, बंदरावरचा बाजार वगैरे प्रतिसादांत लिहीन. तिसऱ्या दिवशीचं एकच सांगते. ओगीच्या धक्क्यावरून बोट सुटते तेव्हा वादक खाली येऊन ढोल वाजवतात, निरोपाचा ढोल, ओकुरी-दाइको. आमची बोट तिकडून नव्हतीच, आम्ही धक्क्यावर उभे होतो. बोट लांब गेली, पार टिंब झाली, तरी ते वाजवत होते.

तुमच्यापैकी कुणी गेलंय का? आणि या ऑगस्टला कुणी येणार का? बोलूया.

अण्णा_रंकाळा

सिकाडा खरंच गप्प झाले, मी साक्षीदार. बाकी एक दुरुस्ती, ईटीसी कार्ड दुसऱ्या पाकिटात नव्हतं, दुसऱ्या पँटीत होतं.

आणि पेट्रोलचं तू लिहिलंच नाहीस. लोकहो, बेटावर पेट्रोल पंप संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी बरेचसे उघडतच नाहीत. आम्ही र्योत्सुत उतरलो तेव्हा काटा पाव टाकीवर, म्हटलं ओगीत भरू, शनिवारी रात्री काट्याखालचा दिवा लागला आणि दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारच्या शेतावरच्या एका आजोबांनी स्वतः पुढे गाडी घालून आम्हाला उघडा पंप दाखवला, दहा-बारा किलोमीटर, आणि पंपवाल्याला सांगून परत गेले. आमच्याकडे द्यायला काय होतं, वहिनीने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा, तो दिला. निगाताला टाकी फुल्ल करूनच बोटीत चढा.

शंकासुर

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आता माझे नेहमीचे प्रश्न. १) भारतातलं लायसन्स चालतं का? २) शाकाहारी माणसाचं काय, तुम्ही मासे खात नाही म्हणालात. ३) पाच वर्षांची मुलगी आहे, तिला आवाज झेपेल का?

अराकावा_काठी

शंकासुर, १) भारतात काढलेलं इंटरनॅशनल परमिट जपानमध्ये चालतं, १९४९ च्या जिनिव्हा करारातलं, पण जपानमध्ये उतरल्यापासून एकच वर्ष. नंतर लायसन्स बदलून घ्यावं लागतं, त्याला लेखी आणि चालवण्याची दोन्ही परीक्षा आहेत, अण्णा तिसऱ्या खेपेला पास झाला. गाडी डावीकडूनच चालते त्यामुळे हाताला सवय असते. एक लक्षात ठेवा, उत्सवात सादोची साके सगळीकडे असते, पण चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही, इथे पिऊन चालवणाऱ्याबरोबर त्याला पाजणारे आणि गाडीत बसणारेही गुन्ह्यात धरले जातात.

२) खरा त्रास आहे. भाजीतही दाशी असतं, म्हणजे सुक्या माशाचं पाणी, नूडल्सच्या रसात तर असतंच. मी उमेबोशीच्या ओनिगिरी, सोबत नेलेले थेपले आणि मेतकूट यावर तीन दिवस काढले. पण भात! सादोचा कोशिहिकारी तांदूळ, नुसता भात आणि मेतकूट, मी आजही त्याची आठवण काढते. बंदरावरच्या बाजारात एक बाई डाळीची करी विकत होती, तिला विचारून खाल्ली. अण्णाने बुरी माशाचा कटलेट-भात सलग तीन वेळा खाल्ला, त्याला विचारा.

३) मुलीला न्या, फक्त कानाला लावायचे मऊ हेडफोन घेऊन जा आणि मागच्या बाजूला बसा. गाडीत तिला चाइल्ड सीट लागेल, सहा वर्षांखालच्या मुलांना कायद्याने सक्तीची आहे.

निहोंगो_काकू

फार छान लिहिलंयस गं. मी पुण्यात पस्तीस वर्षं जपानी शिकवलं, १९९० च्या दशकात एकदा सादोला जाऊन आले आहे, तेव्हा ओगीला गाडीची बोटही जायची, म्हणजे तुझी चूक त्या काळात चूक ठरली नसती.

थोडी भर घालते. कोदो हा शब्द कानाला ऐकला तर अर्थ होतो हृदयाची धडधड. पण ते लिहितात ती अक्षरं वेगळी, ढोल आणि मूल. ढोलाची लेकरं. पोटात ऐकू येणारा पहिला आवाज आईच्या काळजाचा, हे त्यांनी एका नावात बसवलं आहे, मी दरवर्षी वर्गात हे उदाहरण द्यायचे.

आणि त्यांच्या आधीचा गट, ओंदेकोझा, कोदोचे पहिले लोक त्यातूनच आले. ही मंडळी धावायची, रोज मैलोनमैल. १९७५ मध्ये त्यांनी बोस्टन मॅरेथॉन धावली आणि शेवटची रेघ ओलांडून तिथेच ढोल वाजवायला घेतले. तू टाचा बघितल्यास ते अगदी बरोबर बघितलंस. आजही कोदोमध्ये शिरायचं तर दोन वर्षं एका जुन्या शाळेच्या इमारतीत एकत्र राहून शिकावं लागतं, धावणं, शेती, स्वयंपाक, सगळं.

हे बेट पूर्वी शिक्षेचं ठिकाण होतं. १२२१ मध्ये सम्राट जुन्तोकु, १२७१ मध्ये निचिरेन हा बौद्ध आचार्य, १४३४ मध्ये नो नाट्याचा मोठा कलावंत झेआमी, सगळे इथे हद्दपार. झेआमी सत्तरी ओलांडलेला होता. आज त्या बेटावर तीसच्या वर नोचे रंगमंच आहेत, देवळांच्या अंगणात, शेतकऱ्यांनी जपलेले. दिवसा भातात काम आणि रात्री नो.

अराकावा_काठी

काकू, झेआमीचं वय वाचून हात थांबला. आम्ही एका देवळात तो रंगमंच पाहिला, गवताचं छप्पर, मागच्या फळीवर पाइनचं झाड रंगवलेलं, कुलूप नाही, कुणी नाही. तेव्हा हे माहीत असतं तर तिथे जास्त वेळ बसले असते.

खडकवासला

लेख आवडला, पण एक मनापासून विचारतो, राग मानू नका. मी लक्ष्मी रोडच्या अगदी जवळ राहतो. वडील ८२ वर्षांचे. विसर्जनाच्या दिवशी आम्ही त्यांना गावाला नेतो कारण घरातल्या काचा हलतात. तुम्ही लिहिलंत की ठोका संपेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही. आपल्याकडे ती शांतता कुठे आहे? चाळीस चाळीस ढोल एका चौकात. मलाही ढोल आवडतो, लहानपणी आवडायचा.

अराकावा_काठी

दादा, राग कसला, मी तुमच्या वडिलांच्या बाजूने बोलतेय. मी त्या चाळीसांत होते, चौकात उभी राहून वाजवताना आपल्याला समोरच्या घरातली म्हातारी माणसं दिसत नाहीत, हे खरं आहे आणि ते मला इथे येऊन कळलं. ओदाइको एकच होता. एका ढोलाने आख्खी टेकडी भरली. त्याच्या आजूबाजूला जागा ठेवलेली होती, म्हणून भरली. आपल्याकडे पूर्वी पथकात वीस-पंचवीस ढोल असायचे तेव्हा प्रत्येक ताशाची तरी सुरुवात वेगळी ऐकू यायची, ताशाची तर्री, तो सलग कडकडाट, सुरू झाली की अंगावर शहारा यायचा. मला आपला ढोल सोडायचा नाहीये, मला तो ऐकू यायला हवाय. मी पथकातल्या सध्याच्या मुलांना हे लिहून पाठवलंय, संख्या कमी करा आणि ठेका घट्ट करा. दोघांनी उत्तर दिलं, एकजण म्हणाला विचार करतो. एवढंही पुष्कळ आहे.

खडकवासला

धन्यवाद. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, तिला म्हणावं ताशाचं अगदी खरं आहे.

पक्षीवेडा

सादोचा धागा आणि तोकी पक्ष्याबद्दल एक ओळ नाही, असं कसं चालेल! शास्त्रीय नावच निप्पोनिया निप्पोन. पांढरा, पंखाखाली पीचच्या फळासारखी गुलाबी झाक, तोंड लाल. १९८१ मध्ये जंगलात उरलेले पाचच्या पाच पकडून पिंजऱ्यात आणले, तरी वंश वाढला नाही, शेवटची जपानी तोकी, किन नावाची, २००३ मध्ये गेली. पण १९९९ मध्ये चीनने एक जोडी दिली होती, तिच्या पिल्लांपासून पुन्हा सुरुवात, आणि २००८ मध्ये दहा पक्षी सोडले. आज रानात पाचशेच्या वर आहेत.

हे कुणामुळे झालं तर भातवाल्यांमुळे. तोकी खाचरातले बेडूक, मासे, किडे खातो. म्हणून शेतकऱ्यांनी औषधांची फवारणी निम्म्यावर आणली आणि हिवाळ्यातही खाचरात पाणी ठेवायला सुरुवात केली. तुम्ही मेतकूट कालवून खाल्लात तो भात बहुतेक याच खाचरांतला. दिसला का एखादा?

अराकावा_काठी

दिसला! परतीच्या सकाळी, र्योत्सुकडे जाताना मैदानातल्या रस्त्यावर. मैत्रीण एकदम ओरडली, थांब. दोन होते, बांधावर चालत होते, आपल्याकडे ढोकरी कशी चालते तसे. उडाले तेव्हा तो गुलाबी रंग खालून दिसला, तुम्ही म्हणताय तसाच. मैत्रीण म्हणाली तिच्या आजीला आयुष्यात बघायला मिळाला नव्हता. आम्ही गाडीतून उतरलो नाही, काचा पण खाली केल्या नाहीत, तिने तसं सांगितलं होतं.

नागपुरी_डॉक्टर

आलो बुवा, उशीर झाला. गाडी चुकीच्या दिशेला मी चालवत होतो तेव्हा अर्धा दोष माझा, पाटीवर निगाता लिहिलेलं मी वाचलं होतं आणि तरी नेव्हिगेशनचं ऐकलं.

सोन्याच्या खाणीचं लिहितो. आइकावाला आहे, १६०१ पासून खणली, १९८९ ला बंद. बाहेरून बघा, डोंगराचं टोक मधोमध चिरलेलं दिसतं, व्ही अक्षरासारखं. ते निसर्गाने नाही केलं, सोन्याची शीर वरून खाली हाताने खणत गेले आणि डोंगर दुभंगला. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो. आणि आपल्याशी नातं म्हणजे, २०२४ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ही खाण जागतिक वारसा केली ती बैठक नवी दिल्लीत झाली होती. तिथल्या काउंटरवरच्या काकांना आम्ही भारतातले म्हटल्यावर ते "दिल्ली, दिल्ली" करत बाहेर आले आणि हात जोडले. दुसऱ्या महायुद्धात कोरियातून आणलेल्या मजुरांनाही इथे राबवलं होतं, तेही माहीत असू द्या आणि मग बघा.

शंकासुर

आणि त्या गोल होड्या राहिल्या की.

वहिनी_कोल्हापूर

त्या मी सांगते, कारण वल्हं मीच मारलं. ताराई-बुने. ओगीचा किनारा सगळा खडकाचा, बारीक बारीक खाचा, १८०२ च्या भूकंपात जमीन वर आली तेव्हापासून. लांब होडी तिथे वळत नाही. म्हणून बायकांनी लाकडी पिंप अर्धं कापल्यासारखी होडी वापरायला सुरुवात केली, सीडरच्या फळ्या आणि बाहेरून बांबूचे कडे, त्यात बसून शंख, समुद्री शेवाळ काढायचं. आता पर्यटकांना पण बसवतात. वल्हं पुढे एकच, पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मी काढला तर होडी जागच्या जागी गरगर. मग त्या मावशींनी, साठीच्या असतील, माझ्या हातावर हात ठेवला, मनगट सैल सोड म्हणाल्या, आणि होडी सरळ चालायला लागली. पाणी इतकं नितळ की तळाची शंखाची सावली दिसत होती. माझी आजी हर्णैला काठाने शिंपले वेचायची, तिला हे दाखवायला हवं होतं.

निहोंगो_काकू

माझे गुडघे परवानगी देतील तर या वर्षी मी येते. गाडीत मागे झोपेन, पण माणसं मोजायची जबाबदारी माझ्याकडे द्या. शाळेच्या सहली नेल्या आहेत मी.

अराकावा_काठी

काकू, तुमची सीट पुढे खिडकीशी, ठरलं. आत्तापर्यंत अण्णा, वहिनी, डॉक्टर, बारक्या, मैत्रीण, काकू आणि मी, सात झाले, एक जागा शिल्लक. बोटीचं बुकिंग उघडलं की मी या धाग्यावर लिहीन, निगाता ते र्योत्सु. आणि फोनवर अवलंबून न राहता प्रत्येकाने दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचे.

बारक्या_नाशिक

सगळं वाचलं. आई अजून दर रविवारी विचारते, त्या ट्रकवाल्या दादांचं नाव कळलं का. नाही कळलं. या वेळी आकागीला त्याच वेळेला थांबूया का, रात्री एकला, ते लोक ठरलेल्या रस्त्याने जातात. आईने चिवड्याचा डबा आधीच पाठवलाय, त्यावर चिठ्ठी आहे, मी जपानीत लिहून काढतोय, काकू, जरा तपासून द्याल का?